दुपारचा अंधार

मागच्या मार्चमध्ये वडील गोठलेल्या सरोवरावर मासे धरताना गेले. शेजारच्या उर्पोकाकांना ते सापडले. "मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं," एवढंच काकांनी सांगितलं. वडील शेवटी एकटे होते, असं समजून मी वर्ष काढलं.

यंदा फेब्रुवारीत त्यांचं घर आवरायला मी कुओपिओ शहरातून आले. भरदुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीतून काका बर्फावर दिसले. मादे धरत होते. मादे हा अंधारातला मासा. लोक त्याच्यासाठी दिवस मावळल्यावर निघतात आणि बर्फाला पाडलेल्या भोकाभोवतीचं हिम लोटून जागा मोकळी करतात. काका उलटं करत होते. लांबून हिम ओढून भोकाभोवती ढीग रचत होते, खाली पाण्यात उजेड शिरू नये म्हणून. मग जुना कोट डोक्यावरून थेट भोकावर ओढून बसले.

ही युक्ती वडिलांची. मलाही त्यांनी लहानपणी एकदाच दाखवली होती, कुणाला सांगणार नाही असं कबूल करून घेऊन. उर्पोकाकांशी तर होडी बांधायच्या धक्क्याच्या भांडणावरून त्यांचा जुना अबोला. लांबून पाहणाऱ्याला फावड्याने रचलेला ढीग दिसेल. पण कोटाखाली बसलेला माणूस दोरीला बांधलेलं शिशाचं वजन तळावर हलकेच आपटत मासा बोलावतो, हे शेजारी बसल्याशिवाय कळणार नाही. मी दुर्बीण काढली. कोट तालात हलत होता. दोनदा, मग थांबून एकदा. वडिलांसारखाच.

मी बर्फावर गेले. मासा लागतोय का, असं विचारलं.

"दिवसा कसला लागतोय," काका म्हणाले. मागे हिमातून तीन शेपट्या वर आलेल्या होत्या. "तुमच्याकडे शहरात पाकिटातच उगवतात ना, पोरी?"

हे कुणी शिकवलं, म्हटलं. स्वतःला डोकं आहे, म्हणाले.

"काका, त्या दिवशी तुम्ही इथेच होतात."

त्यांनी दोरी वर घेतली, काडीला गुंडाळली. बराच वेळ गुंडाळत राहिले.

"होतो."

मग तुटक तुटक सांगितलं. भांडण कधीच मिटलं होतं. पण इतकी वर्षं गावासमोर तोंड फिरवल्यावर, मिटलं म्हणून सांगायची दोघांनाही लाज. म्हणून दोघं ढिगाआड बसत. त्या दुपारी वडिलांच्या छातीत कळ आली. दोघांचेही फोन घरी राहिलेले. काका त्यांना न्यायला घरून घसरगाडी आणायला गेले आणि परतेपर्यंत उशीर झाला होता. सोडून गेलो, हे तुझ्या तोंडावर कसं सांगणार, म्हणाले.

"तुम्ही निघताना ते काही बोलले?"

"म्हणाला, लवकर ये. आणि हिम सारू नकोस, मासा जवळ आलाय."

वाक्य वडिलांचंच होतं. म्हणूनच मला पटेना. त्यांना ओळखणाऱ्या कुणालाही ते रचता आलं असतं.

"किती वेळ लागला तुम्हाला?"

काकांनी किनाऱ्यावरच्या आपल्या घराकडे पाहिलं. "तूच जाऊन बघ."

मी गेले. आधी भरभर, मग धावत. पाय हिमात गुडघ्यापर्यंत रुतत होते. काकांच्या दाराला हात लावला, भिंतीला टेकवलेली घसरगाडी ओढत परत आले. काका भोकापाशी पाठमोरे उभे होते.

एवढा वेळ वडील एकटे होते. एवढाच.