पानाला कुणी खुडलं नाही

आत्याची भाची बारावीच्या परीक्षेला बसली, त्या वर्षीची ही गोष्ट. त्याच वर्षी थंडी ओसरता ओसरता तिच्या वडिलांचा पलंग आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत आणला. आतल्या खोलीला खिडकी नव्हती आणि डॉक्टर म्हणाले होते, "घरी न्या. हवा लागू दे. खावंसं वाटेल ते द्या."

डॉक्टरांनी असं म्हटलं की पुढे विचारायचं काही उरत नाही, हे आत्याला ठाऊक होतं. तिने जन्मभर इस्पितळात आयाचं काम केलं होतं. पण मरणाचा शब्द घरात अजून कुणी उच्चारला नव्हता. भावजय कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करायला जायची आणि आल्यावर आधी पलंगाकडे बघून मग चपला काढायची. पलंगावरचा भाऊ शिलाई मशिनं दुरुस्त करणारा. दुकान बंद पडलं तरी एखादा जुना भाग आणि पेचकस उशाशी असायचाच. दिवसभर काहीतरी खुटखुट चालायची. ती ऐकू आली की घर बरं असायचं.

"आत्या, ऐकतेयस ना? नाहीतर मी भिंतीला वाचून दाखवते."

"भिंतीला कळेल तेवढं मलाही कळेल. वाच."

आत्या आतल्या खोलीत घेवडा निवडत बसली होती. भाची जमिनीवर पालथी पडून मराठीचं पुस्तक वाचत होती. दोन खोल्यांच्या मधे नुसता पडदा.

कविता पानगळीची होती, कुठल्या तरी दूरच्या, जुन्या कवीची. कवी दिवसभर एका बागेच्या कुंपणावर बसून राहतो. पानगळ म्हणजे त्याला कुणी पाहुणी वाटते. ती हातात दिवा घेऊन एकेका झाडापाशी जाते, आणि जिथे जाते तिथलं झाड पेटल्यासारखं लाल-पिवळं होतं. इथवर आत्याला आवडलं. मग शेवटचं कडवं आलं.

*पानाला कुणी खुडलं नाही.*
*ते आपणहून निघालं,*
*वाऱ्याला वाट विचारत, हसत.*

"याच्यावर हमखास प्रश्न येतो," भाची म्हणाली. "सर म्हणाले, पान म्हणजे म्हातारं माणूस. मरणाला घाबरायचं नाही, असं कवीला सांगायचंय. पण मला दहा ओळी लिहायच्यात आणि दोनच सुचतात."

आत्या पन्नाशी उलटल्यावर लिहायला-वाचायला शिकली होती. अक्षरं उशिरा हाती लागलेली माणसं दोन तऱ्हेची असतात. काही जण छापलेलं सगळं खरं मानतात आणि काही जण ओळीओळीशी भांडतात. आत्या भांडणाऱ्यांतली.

"हसत?" ती म्हणाली. "कोण जातं गं हसत? हा बाबा कुंपणावर बसून झाडं बघत होता, म्हणून. त्याला म्हणावं, एक रात्रपाळी कर माझ्यासोबत. मी एवढी माणसं पाहिली, एकही हसत गेलेलं नाही पाहिलं. नव्वदीची म्हातारी असो नाहीतर कुणी असो. पलंगाचा कठडा घट्ट धरून ठेवतात. मागाहून बोटं एकेक करून सोडवायला लागतात. लिही तुझ्या पेपरात, सगळं खोटं आहे म्हणून."

भाची हसली. "शून्य देतील मला."

"द्या म्हणावं. खरं बोलल्याचं शून्य."

मग दोघींनी एकदम मान वर केली. कारण पडद्यापलीकडची खुटखुट थांबली होती.

"झोपला असेल," आत्या म्हणाली. भाचीने मान हलवली आणि पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी काही बदललं नाही, असं वाटलं. भावाने पेज घेतली. बहिणीला चिडवलंही, "ताई, मीठ महाग झालंय का गं?" पण अंग पुसताना आत्याच्या लक्षात आलं. कुशीवर वळायचं झालं की तो पलंगाच्या कठड्याला धरून वळायचा. तो पलंग तिनेच इस्पितळातल्या मोडीतून आणून रंगवला होता, खास त्या कठड्यासाठी. आज तो कठड्याला शिवलाच नाही. गादीवर कोपर रोवून, दम लागेपर्यंत धडपडला.

"धर की रे कठडा."

"राहू दे. जमतंय."

आणि वळून झाल्यावर त्याने दोन्ही हात चादरीखाली घेतले. चोरी पकडली गेल्यासारखे.

तिसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी भाची तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आत्या, त्या दिवशी बाबा जागे होते."

"कशावरून?"

"मी नंतर पाणी द्यायला गेले ना. डोळे मिटलेले होते, पण पेचकस हातात होता. झोपलेल्या माणसाच्या हातातून पडतो तो."

 आत्याने एकच भांडं दोनदा घासलं. सगळ्या जन्मात तिने एक गोष्ट पाळली होती. पेशंटच्या कानावर पडेल असं काही बोलायचं नाही. बेशुद्ध असला तरी नाही. नव्या पोरींना ती हेच आधी शिकवायची, "कान सगळ्यांत शेवटी झोपतात गं." आणि घरात, सख्ख्या भावाच्या उशाशी तिने जिभेला मोकळं सोडलं होतं. कशासाठी? एका कवितेला हरवायला.

आता त्याला जाऊन काय सांगणार? "मी बोलले ते तुझ्याबद्दल नव्हतं"? मग कुणाबद्दल होतं?

पुढच्या दुपारी ती पुस्तक पिशवीत घालून बाईंकडे गेली. बाई निवृत्त शिक्षिका. मागच्या गल्लीत राहायच्या. प्रौढांच्या वर्गात आत्याचं बोट धरून त्यांनीच तिच्याकडून पहिलं अक्षर गिरवून घेतलं होतं.

"या. आज स्वारी इकडे कशी?"

"एक कविता समजून घ्यायचीय. नीट. परीक्षेपुरती नको."

बाईंनी चष्मा पुसून कविता वाचली. मोठ्याने वाचली. त्यांच्या तोंडून तीच कविता वेगळी वाटत होती. दिवा घेतलेली ती पाहुणी खरंच खोलीतून फिरून गेल्यासारखी वाटली. शेवटच्या कडव्याशी त्या थांबल्या. "छान आहे हो."

"छान आहे. पण खरं आहे का?"

"कवितेला असं विचारत नाहीत."

"मी विचारलं. विचारलं काय, खोटी आहे म्हणाले. आणि ज्याने ऐकायला नको होतं, त्याने ऐकलं." मग तिने सगळं सांगितलं.

बाईंनी पुस्तक मिटून त्यावर हात ठेवला. "तुम्हाला एकही आठवत नाही?" त्यांनी विचारलं. "एवढ्या माणसांत एकसुद्धा, असं शांतपणे गेलेलं?"

"नाही."

"आठवून बघा. कवितेचा अर्थ मी काय सांगणार तुम्हाला? माझ्याकडे शब्दार्थ आहेत. तुमच्याकडे माणसं आहेत."

आत्या आठवत घरी आली. आठवत भाकऱ्या थापल्या, आठवत अंथरूण घातलं. एकेक पलंग डोळ्यांसमोरून नेला. कुणी पाणी मागत गेलं होतं, कुणी मुलाचं नाव घेत, कुणी शिव्या देत. असं आठवत राहण्यातही तिला अपराधी वाटत होतं. आजवर त्यांना कधी आठवलं नव्हतं आणि आता आपल्या कामासाठी उठवत होती.

आणि मग एक सापडली. सूत रंगवणाऱ्या कारखान्यातली म्हातारी, नखं कायमची निळी. तिला कुणी भेटायला येत नसे. एका दुपारी म्हणाली होती, "केस विंचरून दे गं, जटा झाल्यात." आत्याने तिला बसतं केलं, मागे उशी लावली आणि मागे उभी राहून विंचरायला घेतलं. म्हातारी काहीतरी गुणगुणत होती. विंचरता विंचरता डोकं जड झालं. एवढंच. कठडा नाही, धरणं नाही. पण हसत होती का? ते आत्याला माहीत नव्हतं. ती मागे उभी होती.

दुसऱ्या दिवशी भावजय कामावर आणि भाची अभ्यासिकेत गेल्यावर तिने पलंगाशेजारी स्टूल ओढलं.

"आज वर्तमानपत्र नाही. हे वाचते."

"पोरीचं पुस्तक? मलाही बारावीला बसवतेस की काय ताई?"

"गप. ऐक."

ती ओळीखाली बोट धरून वाचू लागली. जोडाक्षराशी अडखळायची, मागे जायची, पुन्हा यायची.

"तू शेवटाला पोचेपर्यंत त्या झाडाला नवी पालवी फुटेल," भाऊ म्हणाला. हसला, मग खोकला. खोकला थांबल्यावर म्हणाला, "वाच, वाच. घाई कुणाला आहे?"

तिने शेवटचं कडवं वाचलं. 

"हसत म्हणतो तो," भाऊ म्हणाला.

"हो."

"तू तर त्या दिवशी..."

"मी त्या दिवशी मूर्खासारखं बोलले."

"मूर्खासारखं नाही. माहितगारासारखं बोललीस. म्हणून तर लागलं."

आत्याने पुस्तक मिटलं. मग निळ्या नखांच्या म्हातारीची हकीकत सांगितली. जटा, उशी, गुणगुणणं, जड झालेलं डोकं. "आणि हसत होती," ती म्हणाली. "विसरले होते मी. पण होती."

भाऊ छताकडे बघत होता. मशिनात दोष कुठे आहे ते तो नुसत्या आवाजावरून सांगायचा.

"तू मागे उभी होतीस म्हणालीस ना? मग चेहरा कुठून दिसला?"

"समोर आरसा होता."

"वॉर्डात?"

"खिडकीशेजारी. भिंतीवर."

कुठल्याच वॉर्डात कधी आरसा नव्हता. आजारी माणसाला आरसा दाखवत नाहीत. भाऊ स्वतः मागच्या पावसाळ्यात तिथे महिनाभर पडून होता.

"बायकांच्या वॉर्डात आरसा असतो म्हणजे," तो सावकाश म्हणाला. "आमच्याकडे नव्हता बुवा. अंदाजाने दाढी करायचो."

"बायकांच्यात असतो."

"बरं आहे तुमचं." मग जरा वेळाने, "माझ्या डोक्यावर मात्र विंचरण्यासारखं काही उरलं नाही, ताई. तुझी तेवढी मेहनत वाचली."

तिला हसू आलं. तो म्हणाला, "ते शेवटचं परत वाच." तिने वाचलं. यावेळी कमी अडखळली. वाचून होईतो त्याने चादरीखालून हात काढला, कठड्याला धरलं आणि भिंतीकडे वळला. बऱ्याच दिवसांनी सहज वळला.

बोललेलं भरून निघालं, असं आत्याला वाटायला हवं होतं. पण तिला वाटलं, आधी खरं बोलून घाव घातला आणि आता खोटं बोलून त्यावर फुंकर घातली. आणि त्याने ती खोटी आहे हे कळूनही, माझ्यासाठी, घालू दिली.

परीक्षा सुरू झाली. मराठीच्या पेपराच्या आदल्या दिवशी भाचीने विचारलं, "कविता आली तर काय लिहू? तुझं की सरांचं?"

"सरांचं," आत्या म्हणाली.

"पण तुझं खरं आहे."

"माझं अर्धंच आहे. दहा ओळी नाही भरायच्या."

शेवटच्या पेपराच्या दिवशी भाऊ सकाळपासून ठीक होता. भावजयीला त्याने कामावर जाऊ दिलं नाही. "आज बस जरा. रोज त्या बटणांकडेच बघतेस." मग बहिणीला म्हणाला, "ताई, पोरीला केंद्रापर्यंत सोडून ये. आणि पेपर सुटेपर्यंत तिथेच थांब. एकटीने परत यायला नको तिला."

"ती काय लहान आहे? रोज एकटी जाते."

"आज जा. माझं ऐक."

"आणि तुला काही लागलं तर?"

"आहे ना ही. जा तू. बाहेर ऊन बघ किती छान पडलंय."

आत्या गेली. केंद्राबाहेरच्या कट्ट्यावर इतर मुलांच्या आयांबरोबर बसून राहिली. कुणीतरी तिला चहा दिला. कुणीतरी विचारलं, "तुमची मुलगी?" ती हो म्हणाली.

दोघी परत आल्या तेव्हा दाराशी शेजारच्या बायका उभ्या होत्या. भाची धावत आत गेली. भावजय पलंगाच्या कडेला बसली होती, तिच्या साडीचा काठ ओला होता. भाची वडिलांच्या छातीवर पडून रडली. रडून झाल्यावर तिने आईकडे तोंड वर करून विचारलं, "कसे गेले गं? काही म्हणाले का?"

भावजयीने आत्याकडे पाहिलं, मग लेकीकडे, आणि बोलायला तोंड उघडलं.

"आधी पाणी तापव," आत्या घाईघाईने म्हणाली. "कोमट हवं. आणि धुतलेली चादर काढ. बाकीचं मागाहून."

भावजय उठली. आत्याने पदर खोचला. हे काम तिने हजारदा केलं होतं. डोळे बंदच होते, चेहरा शांत होता. पण चेहरे मागाहून शांत होतात, हे तिला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. कठड्याचं आपल्याला कळू नये म्हणूनच भावाने आपल्याला बाहेर धाडलं, हे तिला आता कळलं. बाकीचं मागाहून कधी आलं नाही. भावजयीने पुन्हा विषय काढला नाही. भाचीनेही विचारलं नाही, आणि आत्याने तर नाहीच.

भाऊ मार्च महिन्यात, परीक्षेच्या शेवटच्या दिवशी, दुपारी वारला. त्या वेळी घरात फक्त त्याची बायको होती.