स्वर्गातून आलेल्या नोटांचा वास

त्या रविवारी इलेक्ट्रिशियनच्या बायकोनं पाकीट फोडलं, नोटा मोजल्या आणि सरळ बाकावर आडवी झाली. शुद्धीवर आल्यावर तिचा पहिला प्रश्न, "डबल?"

"डबल!" पाळकसाहेब माईकवरून गरजले. सगळी मंडळी उभी राहून टाळ्या वाजवू लागली. मीही वाजवल्या. शेजारी कुणी वाजवू लागलं की माझे हात मला न विचारता चालू होतात.

आमच्या चर्चमध्ये तेव्हा 'पेरणी' चालू होती. पाकिटात पैसे घालायचे, वर नाव लिहायचं आणि वेदीजवळच्या पेटीत टाकायचं. ते 'बीज'. पेटीची किल्ली एकच, ती पाळकसाहेबांकडे. खजिनदार त्यांचा सख्खा मेव्हणा, त्यामुळे हिशेब घरातल्या घरात जुळत असे. दर रविवारी ज्याचा विश्वास पिकला असेल अशा एखाद्याला दुप्पट पैसे परत मिळत. ती 'कापणी'. बाकीच्यांनी आपला विश्वास अजून कच्चा आहे असं समजायचं आणि आणखी पेरायचं.

पण त्या दिवशी चमत्काराला आणखी एक चमत्कार चिकटला होता. नोटांना वास येत होता.

"हुंगा, हुंगा! असा सुगंध पृथ्वीवर कुठे घेतलाय? नसणारच घेतला. हा वरचा आहे, वरचा!" पाळकसाहेब सांगत होते.

पाकीट बाकांवरून फिरलं. बँकेतल्या साहेबांनी डोळे मिटून हुंगलं. शाळेतल्या बाईंना भरून आलं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, पण ते नाक झोंबल्यामुळे. आपल्यातच काही कमी असणार, असं म्हणून मी पाकीट शेजारी ताईच्या हातात दिलं.

ताई माझी थोरली बहीण. दाजी गेल्यापासून माझ्याकडेच असते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे चमत्कार तिला दिसत नाहीत. तिनं पाकीट नाकाशी नेलं आणि माझं मनगट धरलं.

"भाऊ, घरी चल."

"अगं, उपदेश व्हायचाय."

"झाला तेवढा पुरे. चल."

घरी आल्यावर तिनं पलंगाखालची ट्रंक ओढायला लावली. आत दाजींचा कोट, कोटाभोवती डांबरगोळ्या.

"हुंग."

मी हुंगलं. स्वर्ग आमच्या पलंगाखालीच होता.

"ताई, डांबरगोळ्या काय, कुणाच्याही घरात असतात," मी आपला वाद घातला.

"असतात. पण कोटाच्या खिशात ऑपरेशनचे पैसे किती जणांच्या असतात? म्हणजे, होते."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आदल्या रविवारी तिनं ते सगळे पेटीत टाकले होते, मला न सांगता.

"एका डोळ्याचे होते रे," ती म्हणाली. "डबल झाले असते तर दोन्ही झाले असते."

डॉक्टरांनी बजावलं होतं की उजव्याला आता उशीर करू नका. मला रागावायचं होतं, जमलं नाही.

"पाळकसाहेबांना जाऊन विचारू या," मी म्हणालो.

"तू विचारशील?"

मी ट्रंकेचं झाकण लावू लागलो.

"वाटलंच. आणि मी विचारलं तर म्हणतील, म्हातारीचे डोळे गेले, आता नाकही गेलं. एका वासावर कुणी ऐकायचं नाही. आपण दुसरा वास पाठवू."

कोपऱ्यावरची मासेवाली आमच्याच मंडळीतली. पुस्तकांसाठी बाजूला ठेवलेल्या माझ्या नोटा ताईनं तिच्या सुक्या मासळीच्या टोपलीत खोचायला दिल्या.

"अहो भाऊ, लोक माझ्याकडून सुट्टे घेतानासुद्धा नाक धरतात," मासेवाली म्हणाली, "आणि तुम्ही वास लावून घ्यायला आलात?"

ताईनं तिला आणि मंडळीतल्याच निवृत्त नर्सबाईंना आधीच सांगून ठेवलं, "येत्या रविवारी हे पेटीत जाईल. त्याच्या पुढच्या रविवारी स्वर्गातून सुकी मासळी येईल. नाही आली तर सगळ्यांसमोर माफी मागेन."

रविवारी मी प्लास्टिकमधून पाकीट काढून घाईघाईनं पेटीत टाकलं. मग आठवडाभर त्या बंद पेटीत मंडळीचा विश्वास मासळीशेजारी मुरत राहिला.

पुढच्या रविवारी कापणी निघाली रिक्षावाल्याच्या नावावर. त्यानं भक्तिभावानं पाकीट नाकाला लावलं आणि तसाच थबकला.

"साहेब, यात... मासळी आहे का?"

पाळकसाहेबांना दाद द्यायला हवी, क्षणभरही अडखळले नाहीत. "मासळीच! प्रभूचे शिष्य कोण होते? कोळी! आज खुद्द त्यांच्या जाळ्यातून कृपा उतरली आहे!"

मागे टाळ्या सुरू झाल्या. माझे हात जवळ येऊ लागले होते, तेवढ्यात ताई बाकाला धरून उभी राहिली.

"आणि गेल्या वेळच्या डांबरगोळ्या, पाळकसाहेब? शिष्यांमध्ये ट्रंकवाला कोण होता?"

कुणीतरी फिसकन हसलं. मेव्हणा उसळला, "प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास!"

"अविश्वास कसला? टोपली माझी आहे," मासेवाली म्हणाली. नर्सबाईंनी ताईचं आधीचं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं. शेवटी मी उठलो. "नोटा माझ्या आहेत," एवढंच म्हणालो, तेही बहुधा पुढच्या बाकापर्यंतच पोचलं. पण त्या बाकानं ते मागे पोचवलं.

पाळकसाहेबांनी माईक बंद केला आणि ते वेदीच्या पायरीवर बसले. मग निघालं ते असं. छपरासाठी जमवलेल्या निधीतून नवे स्पीकर आले, मोटारसायकल आली. खड्डा बुजवायला पेरणी सुरू झाली. या रविवारी तुम्ही पेरायचं आणि पुढच्या रविवारी त्यातलंच कुणा एकाला दुप्पट म्हणून द्यायचं. तो एक नाचला की बाकीचे खिसे उलटे करत. एकाची कापणी म्हणजे दुसऱ्याचं बी होतं, आणि उरलेलं खड्ड्यात.

"भरून काढणार होतो," ते म्हणाले. "कुणी विचारलंच नाही कधी."

यातलं शेवटचं वाक्य मात्र खरं होतं.

इलेक्ट्रिशियनची बायको रडकुंडीला आली. "मी वॉशिंग मशीन बुक केलंय हो!"

"तुझे तुला ठेव," ताई म्हणाली. "वरचे आहेत ते माझ्या डोळ्याचे आहेत."

दुसऱ्या दिवशी ती वरचे पैसे घेऊन आली. चहा न घेताच गेली. बाकीची रक्कम मोटारसायकल विकून भरली. ताईचा उजवा डोळा झाला. डाव्याचं अजून व्हायचंय.

आता पेटीला दोन कुलपं आहेत. किल्ल्या ज्यांच्याकडे आहेत ते एकमेकांचे कुणी लागत नाहीत. मोजणी सगळ्यांसमोर होते, खर्च भिंतीवर लागतो. पाळकसाहेब पैशाला हात लावत नाहीत, आणि तेव्हापासून त्यांचा उपदेश सुधारला आहे, असं नर्सबाईंचं मत आहे.

देवाच्या नावानं पैसे मागणाऱ्याला एवढंच विचारा की हे आले कुठून आणि जातात कुठे? प्रामाणिक माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही, उलट त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. विचारणं सोपं आहे, असं मी लिहिणार होतो. ते सोपं नाही. तरी विचारा.