मैनानं घेतलेलं नाव

नाटक पायाले आलेल्या लोकाईवर चिडू नये म्हणतात. मी चिडते. अमरावतीचं ते सभागृह आठवलं का माह्यं डोकं आजही सणकते, अन् शिव्या नेमक्या कोणाले द्याव्या तेच समजत नाई. वाईट माणूस तिथी एकबी नोयता, हेच तं दुखणं हाये.

मी प्रणाली, अकोल्याच्या एका कॉलेजात एम. ए. करून राहिली. नाटकात माह्यं काम घोळक्यात होतं. घोळका म्हणजे मालकाच्या मांगं उभं राहाचं अन् तो जे म्हणन त्याले मान डोलवाची. लय अभिनय लागत नाई त्याले. घरी बाबाच्या समोर जे करते, तेच मी स्टेजवर करत होती.

नाटक ओमप्रकाशनं लिहिलं होतं, बसवलंबी त्यानंच. एक गाव हाये. त्या गावाचा एक मालक हाये. रोज सकाळी भोंग्यावरून मालक सांगते का काल गावात काय झालं. काल पाणी आलं म्हणते, तं आलं. अंगणात फुफाटा उडून राहिला असला तरी सारं गाव म्हणते, "व्हय जी, असंच झालं." मंग एक पोरगी मालकाच्या फाटकाशी येते. तिच्या भावाले मालकाच्या माणसाईनं नेलं हाये. भाऊ कुठी हाये, एवढंच विचारते ती. मालक म्हणते, तुले भाऊच नोयता. अन् आमी सारे मांगून म्हणतो, "व्हय जी, नोयताच."

त्या पोरीचं काम माह्या मैत्रिणीचं, मैनाचं होतं. ओमप्रकाश तिले देत नोयता, तिनंच मागून घेतलं. काहून का भाऊ तिचाच होता.

नागसेन, मैनाचा मोठा भाऊ. त्यानं काय केलं होतं, तं एका मोठ्या माणसाच्या सभेसाठी गावच्या शाळेतली लेकरं भर उन्हात रस्त्याच्या कडेले उभी केली होती, त्यातल्या दोन पोरी चक्कर येऊन पडल्या. नागसेननं त्याचा व्हिडिओ टाकला अन् खाली दोन ओळी लिहिल्या. झालं, घरून उचलून नेलं. तवापासून आत हाये. तारीख पडते, पुढं ढकलल्या जाते, परत पडते. गावातले लोकं पहिले पहिले विचारत, मंग तेबी बंद झालं. ज्या पोराईसंग तो रोज व्हॉलीबॉल खेळे, त्याईनं मोबाईलमधून त्याचा नंबर काढून टाकला. मैना सांगे का गावात आता लोकं असे वागतात जसा नागसेन नावाचा माणूस जलमलाच नोयता. ओमप्रकाशनं हे ऐकलं अन् त्याच्यातूनच हे नाटक निंघालं.

आता मालक. मालकाचं काम अंकुर करे. अंकुर अकोटचा, अन् त्याच्या तोंडाले लगाम नाई. दोन मिनिटं एखाद्या माणसाजवळ बसला का तिसऱ्या मिनिटाले त्याची नक्कल करते. पण मनाचा लोणी हाये पोरगा. कॉलेजात कोणी उपाशी असलं तं त्याले पहिले समजते.

सुरुवातीले अंकुर मालक लय गंभीर करे, हळू बोले, थंड डोळ्यानं पाये. पायून आमच्या अंगावर काटा येत जाय. मंग एक दिवस आमी कॉलेजातल्या पोराईसमोर प्रयोग करून पायला. अर्धे लोकं मोबाईल पायत बसले, बाकीचे उठून कँटीनमधी गेले. ओमप्रकाशचं तोंड पायण्यासारखं झालं होतं. दुसऱ्या दिवशी अंकुरनं मालक वऱ्हाडीत करून दाखवला. मालक शेंगा खात खात हुकूम सोडते, मालकाची ढेरी, मालकाची बायको, मालकाचं गुडघेदुखीचं रडगाणं. आमी हासून हासून लोटपोट झालो. ओमप्रकाश म्हणे, आता जमलं, लोकं पहिले हासतीन अन् मंग ते हासणं त्याईच्या घशात अटकन.

मैना तेवढी हासली नाई. "मालकाचं भेव वाटलं पायजे ना?" म्हणे. ओमप्रकाशनं तिले समजावून सांगतलं, अन् तिनं वाद घातला नाई.

आमच्यात आणखी एक पद्धत होती, ते सांगितल्याशिवाय पुढचं समजाचं नाई. युवक महोत्सवात मांगच्या खुर्च्यांवर दुसऱ्या कॉलेजची पोरं बसतात. ते नाटक पायाले येतच नाईत, पाडाले येतात. स्टेजवर जरासी शांतता पडली का सुरू होतात, पडदा पाड बे, लाईट बिल भरा बे. आदल्या वर्षी आमच्या एका पोराचं वाक्य अटकलं, तं त्याले असं हूट केलं का त्यानं नाटकच सोडलं. म्हणून ओमप्रकाशनं नियम केला होता, सोबतचा अटकला का बाजूच्यानं झाकाचं, थांबाचं नाई. त्याची प्रॅक्टिसच घे तो. कोणाले तरी कानात सांगे का आज तू मुद्दाम विसर, अन् बाकीच्याईनं ते सावराचं. त्यात अंकुरचा हात कोणी धरत नोयतं. माणूस अटकला हे पायणाऱ्याले समजूच देत नोयता तो.

त्या महोत्सवासाठी अमरावतीले आमी एसटीनं गेलो. मैनाची आई पार्बताबाईबी सोबत होती. तिले नाटकाची हौस नोयती, तिले भेव होतं. एक पोरगं गेलं, आता ही पोरगी कोण्या भानगडीत पडते, म्हणून ती पहारा द्याले आल्यासारखी आली होती. ड्रायव्हरच्या मांगच्या सीटवर पिशवी पोटाशी धरून बसली, अन् कोणी नवा माणूस चढला का त्याले खालून वरून पाये.

मूर्तिजापूर गेल्यावर मैनानं माह्या कानात सांगतलं, "आज मी नुसतं माहा भाऊ म्हणणार नाई. नाव घेईन."

मले धडकीच भरली. खऱ्या माणसाचं नाव घेतलं का नाटक बाद, असा स्पर्धेचा नियम होता, अन् नियम राहू द्या, सभागृहात कोण बसलं असन काय सांगता येते? मी तिले हे सारं म्हणून पायलं. तिनं ऐकून घेतलं. मंग म्हणाली का कोर्टात त्याले केस नंबरानं बोलावतात, घरात आई त्याचं नाव हळू घेते, शेजारी तं घेतच नाईत. "प्रणाली, मले एकडाव मोठ्यानं घ्यायचं हाये. एवढ्या लोकाईनं ऐकलं पायजे. तो हाये, एवढं."

ओमप्रकाशले सांगू नको, तो प्रवेशच काढून टाकीन, अशी शपथ घातली तिनं मले. अंकुरले सांगून ठेवावं, हे तं आमच्या दोघीच्याबी ध्यानात आलं नाई.

सभागृह ठासून भरलं होतं. पडदा उघडला, अंकुरनं शेंग फोडली, तिथपासूनच लोकं त्याचे झाले. मांगची हूट करणारी पोरं शिट्ट्या मारून राहिली होती, पण खुशीच्या. मालक म्हणे काल पाणी आलं, तं आमच्या आंधी मांगच्या खुर्च्या वरडत, "व्हय जी, असंच झालं." आमाले वाटलं, जितलो. मलेबी वाटलं, खोटं काहून बोलू? घामानं साडी वली झाली होती अन् मी मनातून नाचून राहिली होती.

मंग मैना आली.

ती फाटकाशी उभी राहिली. वाक्य तिचं होतं, "मालक, माहा भाऊ कुठी हाये?" ती बोललीच नाई. समोर अंधारात पायत उभी राहिली. सभागृहात शांतता पसरली, अन् मले समजलं का आता ती नाव घेते. तिनं छाती भरून श्वास घेतला अन् स्पष्ट, एकेक अक्षर ऐकू येईन असं म्हणाली, "नागसेन जानराव तायडे. माहा भाऊ हाये तो. त्याले मोकळं करा."

कोणी खोकललं नाई. मांगच्या पोराईतून शिट्टीबी आली नाई. खरं सांगते, त्या वेळेले त्या लोकाईनं ऐकलं होतं. आणखी थोडं थांबलं असतं तं ते त्याईच्या आत गेलं असतं.

पण अंकुरले तं हे वाक्य माहीत नोयतं. त्याले दिसलं ते एवढंच का मैना अटकली, घाबरली, काहीबाही बोलून राहिली. अन् त्यानं झाकलं. ढेरीवर हात ठेवून म्हणाला, "अवं बाई, भाऊ हारपला म्हणून रडून राहिली? इथी लोकाईचे जावई हारपत नाईत म्हणून लोकं रडून राहिले."

सभागृह फुटलं. लोकं खुर्च्यांवर वाकून वाकून हासले. समोरच्या रांगेतले परीक्षकबी रुमाल तोंडाले लावून हासून राहिले होते. मैनानं परत नाव घेतलं. तिचे ओठ हाललेले मले दिसले, आवाज ऐकू आला नाई. अन् मालकानं आमच्याकडं वळून पायलं तसा घोळका म्हणाला, "व्हय जी, असंच हाये." मीबी म्हणाली. तोंडाले सवय पडली होती, ते बोलून गेलं.

पयला नंबर आमचा आला, म्हणजे पुढच्या फेरीले नाटक दुसऱ्या गावी जाणार होतं. अंकुरले अभिनयाचं पदक भेटलं. परीक्षक म्हणाले का हुकूमशाहीसारखा जड विषय पोराईनं हसत खेळत मांडला, मालक तं मनात भरला. नाव घेतल्यावरून कोणी नाटक बाद केलं नाई. नाव घेतलं हे कोणाच्या ध्यानातच राहिलं नोयतं. बायर पोरं अंकुरसंग फोटो काढून राहिली होती अन् एकमेकाले टाळ्या देऊन म्हणत होती, व्हय जी, असंच झालं.

मी अंकुरचा हात धरून त्याले सभागृहाच्या मांगं, गिला वड्याच्या गाडीजवळ ओढत नेलं अन् सारं सांगतलं. लय कडक बोलली मी. बैताडा म्हटलं, आणखी काय काय म्हटलं. तो पदकाची फीत बोटाले गुंडाळत होता ते थांबला.

"मले वाटलं ती अटकली," म्हणाला. "माय शप्पत, मी तिले वाचवलं असं वाटलं मले."

त्याच्या डोळ्यात पाणी पायलं अन् माह्या रागाले जागाच राहिली नाई.

मैना सभागृहाच्या पायऱ्यांजवळ उभी होती. रडून नोयती राहिली. रडली असती तं बरं वाटलं असतं मले. अंकुरनं जाऊन पदक तिच्यापुढं धरलं. मैना म्हणाली, "जाऊ दे. तुले सांगतलं असतं तं तू झाकलं नसतं."

तेवढ्यात पार्बताबाई आली. मले वाटलं ही आता अंकुरले दोन ठेवून देते. हक्कच होता तिचा. तिनं पिशवी खाली ठेवली, अंकुरच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले अन् आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. म्हणाली का पोरीनं नाव घेतलं तवा माह्यं काळीज थरकलं होतं, म्हटलं आता उठते कोणी, आता येते गाडी घरापुढं. मंग तू बोलला अन् सारे हासले. हासले म्हणजे कोणाले राग आला नाई. हासले म्हणजे आता कोणी घरी येणार नाई.

"लय पुण्याचं काम केलं बावा," ती म्हणाली. "पुढच्या गावीबी असंच हासव लोकाईले. हिचं ऐकू येऊ देऊ नको."

अंकुरनं मैनाकडं पायलं. मैना खाली पायत होती. पार्बताबाईनं त्याचा हात सोडलाच नाई, उत्तर भेटल्याबिगर सोडणारबी नोयती. शेवटी तो "व्हय जी" म्हणाला.