अंगठी कोण हलवतं?

शाळेच्या सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या केव्हाच संपल्या होत्या. आया एकमेकींना खेटून बाकांवर, वडीलमंडळी खिडक्यांच्या कट्ट्यांवर आणि दहावीची पोरं पुढे सतरंजीवर. एरवी पालकसभेला बोलावून बोलावून शिपायाचा घसा बसायचा, तरी निम्मे पालक फिरकायचे नाहीत. आज झाडून सगळे हजर. कारण आज निकाल लागणार होता, तोही परीक्षेच्या आधी!

"मी बाबा नाही, बुवा नाही. मी साधा ऊर्जामार्गदर्शक," मंचावरचे गृहस्थ सांगत होते. अंगात कडक इस्त्रीचा कोट, गालाला चिकटलेला माइक. लोक त्यांना लोलकगुरू म्हणायचे आणि त्याला त्यांची हरकत नसायची.

टेबलावर एक पांढरा पुठ्ठा होता. त्यावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेघा. उभ्या रेघेवर लिहिलं होतं 'हो', आडवीवर 'नाही'. मुलाने पितळी अंगठीचा दोरा चिमटीत धरायचा, हात स्थिर ठेवायचा आणि विचारायचं, 'मी पास होणार का?' अंगठी आपोआप झुलायची.

"विश्वाला सगळं आधीच ठाऊक असतं!" लोलकगुरू गर्जले. "ते स्पंदन अंगठीत उतरतं. हात तुमचा, पण हालचाल विश्वाची!"

मग पेपर तपासायला माणसं कशाला बसवतात, असं सतरंजीवर बसलेल्या भिंगरीच्या मनात येऊन गेलं. पण बोलायची हिंमत झाली नाही. एका जागी म्हणून न बसणारी ही पोर गेले कित्येक दिवस घरी अभ्यासाच्या टेबलाला चिकटली होती. गणिताचं पुस्तक उघडलं की बोटं तोंडात जायची, नखं कुरतडून ती लाल झाली होती. घरी विचारलं, तर उत्तर एकच, "काही नाही."

पहिला मंचावर गेला निवांत. हे त्याचं नाव नव्हे, स्वभाव. पुस्तकांची कव्हरं अजून नवी कोरी. गुरूंनी त्याच्या पाठीवर थाप मारली, "हा तर वाघ आहे!" वाघाने अंगठी धरली आणि ती 'हो'वर अशी झुलली की पहिल्या रांगेतल्या आज्या मागे सरकल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मग भिंगरी. गुरूंनी तिच्या बोटांकडे एक नजर टाकली आणि माइकवर हात ठेवून हळूच विचारलं, "गणित जड जातंय ना, बाळ?"

तिने बोटं मुठीत लपवली. यांना कसं कळलं? तिने दोरा धरला. अंगठी आधी थरथरली, मग आडवी झुलू लागली. नाही. नाही. नाही.

"घाबरू नका, माउली," गुरू तिच्या आईला म्हणाले. "पुढच्या आठवड्यात दोषनिवारण ठेवलंय. ज्यांचं 'नाही' आलं त्यांनी ऊर्जेने भारित केलेली अंगठी विकत घ्यायची. ती बोटात असली की विश्वाचं मत बदलतं."

निवांतने त्या संध्याकाळी पुस्तकं माळ्यावर टाकली. भिंगरीने जेवण टाकलं.

दोन दिवसांनी आत्या आली. आत्या फिजिओथेरपिस्ट, पडलेल्या-मोडलेल्या माणसांना पुन्हा चालायला लावायचं हे तिचं काम. आल्या आल्या भाचीकडे बघून म्हणाली, "ही पोर आहे की सुकत घातलेला टॉवेल?"

आईने सगळी हकिगत सांगितली. आत्या हसली नाही, चिडलीही नाही. शिवणाच्या डब्यातून दोरा घेतला, त्याला स्वतःची अंगठी बांधली आणि दोरा भिंतीतल्या खिळ्याला अडकवला.

"विचार आता."

"काय?"

"पास होणार का ते."

भिंगरीने विचारलं. अंगठी ढिम्म. आईनेही विचारलं, जरा दरडावून. तरी ढिम्म.

"खिळा का बोलत नाही, वहिनी? विश्व त्याच्यावर रुसलंय?" आत्याने दोरा सोडवून भिंगरीच्या चिमटीत दिला. "हात हलवू नकोस. फक्त मनात म्हण, पुढे-मागे, पुढे-मागे."

अंगठी पुढे-मागे झुलू लागली.

"आता म्हण, डावीकडे-उजवीकडे."

अंगठी घुटमळली, आणि आडवी झाली. भिंगरीचे डोळे विस्फारले. "आत्या, शपथ सांगते, मी हलवत नाहीये!"

"तू हलवतेस. पण तुला ते कळत नाही. मनात एखादी हालचाल आली की बोटांचे स्नायू बारीकशी उचल खातात. डोळ्यांना न दिसणारी. पण दोरा लांब असला की तेवढीही पुरते. ठराविक ठेक्यावर ढकलत राहिलं की झोपाळा कसा वर चढत जातो, तसंच हे." आत्या तिच्या शेजारी टेकली. "म्हणजे त्या दिवशी 'नाही' कोण म्हणालं?"

एकदम भिंगरीचा बांध फुटला. "मीच! मला गणिताची इतकी भीती वाटते गं! बाबा सगळ्यांना सांगत सुटलेत, आमची पोरगी नव्वदच्या वर जाणार. आणि मला साधं उदाहरण वाचलं तरी अक्षरं पळायला लागतात."

दाराशी बाबा उभे होते. आत आले, खाली बसले आणि लेकीचा हात हातात घेऊन तसेच बसून राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "चुकलंच माझं. आकडा माझा होता, ओझं मात्र तुझ्या डोक्यावर."

दोषनिवारणाच्या दिवशी सभागृह पुन्हा तुडुंब. भारित अंगठ्यांची पेटी उघडली जाणार, इतक्यात भिंगरी उठली.

"सर, एक शंका आहे. अंगठीला सगळंच कळतं का?"

"सगळं, बाळ!"

"मग कागदाखालचंही कळेल?"

गुरूंनी माइक सावरेपर्यंत मुख्याध्यापिका बाई मंचावर पोचल्या होत्या. आत्या त्यांना सकाळीच भेटून गेली होती. "होऊन जाऊ दे," बाई म्हणाल्या. "निवांत, वर ये. आणि आमच्याकडे पाठ कर."

निवांतची पाठ वळताच बाईंनी पुठ्ठा एक चतुर्थांश फिरवला. 'हो'ची रेघ आडवी झाली, 'नाही'ची उभी. वर वर्तमानपत्र झाकलं.

"आता अंगठीला सोपा प्रश्न विचार," भिंगरी म्हणाली. "मी मुलगा आहे का?"

पोरं खिदळली. निवांतने वळून मोठ्या ऐटीत दोरा धरला. अंगठी त्याच्या सवयीने झकास पुढे-मागे झुलली. बाईंनी वर्तमानपत्र उचललं. अंगठी 'नाही'वर झुलत होती.

सभागृह हास्याने दणाणलं. निवांत खाली बघत, मग वर बघत पुटपुटला, "आईला हे आधी सांगायला हवं होतं."

"अश्रद्धेची कंपनं!" लोलकगुरू ओरडले. "वातावरण दूषित झालंय!"

"मग तुम्ही धरा," बाई शांतपणे म्हणाल्या. "आम्ही पुठ्ठा झाकतो."

गुरूंनी घड्याळ पाहिलं. त्यांना एकाएकी दुसऱ्या गावचा कार्यक्रम आठवला. पेटीचं झाकण लागलं आणि गडबडीत गालावरचा माइक चालूच राहिला. जिना उतरताना सगळ्या सभागृहाला त्यांचा आवाज ऐकू आला, "गाडी काढ, गाडी काढ!"

हशा ओसरल्यावर आत्याने मंचावर येऊन अंगठीचं शास्त्र सोप्या शब्दांत सांगितलं. गुरू बोलता बोलता मनात काय पेरायचे, तेही सांगितलं. एकाला वाघ म्हटलं, वाघ झुलला. एकीच्या भीतीवर बोट ठेवलं, भीती झुलली. एक आई मात्र हात वर करून म्हणाली, "पण डॉक्टर, मुलाला धीर येत असेल, तर अंगठी घ्यायला काय हरकत आहे?"

"आणि पेपराच्या दिवशी ती घरी विसरली तर?" आत्याने विचारलं. "धीर आपला असावा, उसना नको. झोप पुरी हवी. अभ्यासाचे छोटे तुकडे करावेत. घाबरल्यासारखं झालं तर श्वास सावकाश सोडावा. आणि तरीही भीती जात नसेल, जेवण-झोप उडाली असेल, तर समुपदेशकाकडे जावं. पाय मुरगळल्यावर माझ्याकडे येताना कुणी लाजतं का?"

परीक्षा ठरल्या दिवशी झाली. गणिताच्या पेपरात पहिलंच उदाहरण भिंगरीला अडलं. अक्षरं पळू लागली. तिने पेन खाली ठेवलं, सावकाश श्वास सोडला आणि ते उदाहरण सोडून दुसऱ्याला हात घातला. नव्वद काही मिळाले नाहीत. पास झाली, बऱ्यापैकी झाली, आणि पोटभर जेवून झोपली. निवांतही काठावरून सुटला. पुस्तकं वेळेवर खाली उतरली होती म्हणून.

मंडळी, घरात परीक्षा देणारं मूल असेल, तर ते पास होणार का हे दोऱ्याला, ताऱ्याला, अंगठीला विचारू नका. त्यांना ठाऊक नाही. ठाऊक असल्याचं जो सांगतो, त्याला झाकलेल्या पुठ्ठ्यावर एकदा तपासून पाहा. आणि मुलाजवळ बसून विचारा, "तुला कशाची भीती वाटते?" उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ बसून राहा.