नळीतून भरवणं

"काकू, सिरिंजचा दट्ट्या काढून ठेवा. ढकलायचं नाही, आपोआप उतरू द्यायचं," सिस्टर म्हणाली.

आज माझी परीक्षा होती. नळीतून भरवणं तिच्यासमोर नीट जमलं तर ह्यांना घरी सोडणार, नाहीतर आणखी आठ दिवस वॉर्डात. अर्धांगाच्या झटक्यात ह्यांचं बोलणं गेलं, गिळणंही गेलं. आता नाकातून थेट पोटात नळी. त्यात परवा मीच घोळ घातला. नळीतून द्यायचं ते पावडरचं पातळ दूध बघून माझा जीव तुटला. असल्या पाण्याने काय अंगी लागणार? सिस्टरची पाठ वळताच दुप्पट पावडर कालवली, आणि नळी चोंदली. नवी घालताना ह्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आग लागो माझ्या शहाणपणाला!

आज पावडर मोजून घेतली. पलंगाची उशाकडची बाजू उचलली. सिरिंजने थोडं मागे ओढलं, पोटातलं आलं; म्हणजे नळी जागेवर होती. मग दट्ट्या काढून आधी पाणी ओतलं, मग दूध. घाई माझ्या पाचवीला पुजलेली, पण आज सिरिंज वर धरून उभी राहिले. मध्येच ह्यांना खोकला आला. मी झटकन नळी चिमटीत दाबली, खोकला पुरता थांबेपर्यंत थांबले.

दंडाला रग लागली. सिस्टर म्हणाली, "द्या, मी धरते."

"घरी येणार आहेस का रोज सहा वेळा धरायला?"

ती हसली. शेवटचं पाणी सोडून मी नळी बंद केली, तेव्हा म्हणाली, "न्या काकांना घरी."

संध्याकाळी घरी ह्यांना भरवलं आणि माझं ताट घेऊन स्वयंपाकघरात गेले, दार लोटून घेतलं. ज्याला घास गिळता येत नाही, त्याच्यासमोर कोणत्या तोंडाने जेवायचं? दवाखान्यातही मी जिन्यात उभ्यानेच चार घास कोंबत होते.

पलंगावर टकटक झाली. धावत गेले. ह्यांनी चांगल्या हाताने आधी माझ्या खरकट्या बोटांकडे खूण केली, मग शेजारच्या खुर्चीकडे.

"इथे जेवू? तुमच्यासमोर?"

मान हलली.

ताट घेऊन बसले. घास तोंडात फिरत राहिला, रडू आवरेना. हे एकटक बघत होते. अर्धं टाकून उठू लागले, तर ह्यांनी माझं मनगट धरलं. ताट स्वच्छ होईपर्यंत सोडलं नाही.