उद्याचा ताप

चार तारे झाले की डॉक्टर मास्तरांना रोज दोन तास दुकानात बसू देणार होते. कॅन्सरची औषधं सुरू झाल्यापासून टेलरिंगचं दुकान बंद, मशिनवर चादर. त्या दोन तासांसाठी मास्तरांनी काहीही लिहून दिलं असतं. दिलंही.

औषध जायला त्यांच्या दंडात बारीक नळी बसवली होती. तिचं आतलं टोक थेट काळजापाशी. नर्सबाईंनी कार्ड दिलं: हात धुवून नळी पाहिली का, तिच्यावरची पट्टी कोरडी आहे का, ताप किती. आठवडा पूर्ण भरला की एक तारा. माणूस डॉक्टरला बधत नाही पण ताऱ्याला बधतो, हे बाईंनी बरोबर हेरलं होतं. फक्त मास्तरांना हेरलं नव्हतं. कापडाला कात्री लागायच्या आधीच गिऱ्हाइकाला "झालंच, काजं-बटणं तेवढी राहिलीत" म्हणणारा हा माणूस.

तीन तारे चिकटले. "तुमच्यासारखे पेशंट हवेत," बाई म्हणाल्या. मास्तर चक्क लाजले.

चौथ्या सोमवारी अंघोळीला दंडावर प्लास्टिक गुंडाळायचा त्यांनी कंटाळा केला. पट्टी भिजली, कोपरा सुटला.

"अहो, जाऊन बदलून घ्या," बायको म्हणाली.

"आणि तारा? शुक्रवारी बदलणारच आहेत. तू माझी शिवण उसवू नकोस."

त्यांनी वरून दुकानातली चिकटपट्टी लावली. कडा जुळवून, सफाईने.

गुरुवारी दुपारी ताटावर बसल्या बसल्या त्यांचे दात वाजू लागले. दोन पांघरुणं घातली तरी पलंग हलत होता. बायकोने बाईंना फोन लावला.

"कार्डावर ताप किती लिहिलाय?"

"आज सकाळी अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. कालही तेवढाच. उद्या..." ती थांबली. "बाई, ह्यांनी उद्याचाही लिहून ठेवलाय."

बाई लगेच म्हणाल्या, "आत्ता मोजा. मी फोन धरून आहे."

थर्मामीटर डबीतच होता. नवा असताना बॅटरीपाशी असते ती प्लास्टिकची फीत अजून कुणी ओढलीच नव्हती. तिने ओढली. बारीक आवाज झाला.

एकशे तीन पॉइंट सहा.

"असतील तसे घेऊन या. लगेच."

"बाईंना म्हणावं, तारा..." पांघरुणातून आवाज आला.

"गप्प बसा हो!"

जंतू रक्तात उतरले होते. नळी काढली. कॅन्सरचं औषध महिनाभर थांबलं. गाठीने मात्र एकही दिवस खाडा केला नाही.

आता कार्ड बायको भरते, ज्या दिवसाचं त्या दिवशी. दुकानाचा विषय कुणी काढत नाही. बाईंनी तारे बंद केले. त्या प्रत्येकाचा ताप स्वतः मोजतात आणि कार्डाकडे बघतही नाहीत. त्यांचा गेला तो विश्वास, बायकोची गेली ती झोप. मास्तरांचा एक महिना गेला, आणि तो उरलेल्या किती महिन्यांतून वजा झाला, हे डॉक्टर अजून सांगत नाहीत.