आठ आठवड्यांची सही

ही गोष्ट २०१९ सालची. दिवाळी होऊन आठवडा झाला होता, लालबागच्या त्या चाळीतले कंदील अजून कुणी उतरवले नव्हते, आणि रविवारी दुपारी नूपुर आत्याकडे आली ती कागद हातात घेऊनच.

आत्या म्हणजे नलू मयेकर. परळच्या एका धर्मादाय हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलमध्ये तिनं सव्वीस वर्षं मुली शिकवल्या होत्या. आता ते हॉस्पिटलही नव्हतं आणि स्कूलही नव्हतं. त्या जागी काचेचा टॉवर उभा होता. नूपुर तिच्या धाकट्या भावाची मुलगी. त्याच स्कूलमधून २००९ साली पास झालेली, आता दादरच्या एका खासगी हॉस्पिटलात नर्स.

"आयर्लंडच्या नर्सिंग कौन्सिलचा मेल आहे," नूपुर चप्पल काढता काढता म्हणाली. "तुझं नाव आहे त्यात."

"माझं? मी काय घोडं मारलंय त्यांचं?"

"चहा टाक, मग सांगते."

नलूच्या वेळी असलं काही नव्हतं. चौऱ्याहत्तर साली तिची मैत्रीण लक्ष्मी लंडनला गेली, ती मेट्रनच्या एका चिठ्ठीवर, असंच सगळ्या सांगायच्या. पुढे मुली आखातात जायला लागल्या, तेव्हा परीक्षा आल्या. आता प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी. इथल्या कौन्सिलचं रजिस्ट्रेशन तिथे चालत नाही. तिथली कौन्सिल सगळं मुळापासून तपासणार. कोणत्या वॉर्डात किती तास काढले, तेही विचारणार.

नूपुरनं फॉर्म भरला तो शिकतानाच्या कामाची नोंद असलेल्या आपल्या प्रोसिजर बुकावरून. मानसोपचार वॉर्ड, आठ आठवडे. पण तिच्याच बॅचच्या अपूर्वानंही अर्ज केला होता, आणि तिनं त्याच रकान्यात शून्य लिहिलं होतं. एक स्कूल, एक बॅच, आणि हिशेब दोन. स्कूल तर बंद. म्हणून त्यांनी तेव्हाच्या सिस्टर ट्यूटरला, म्हणजे नलूला, विचारलं होतं, यातलं खरं कोणतं?

"अपूर्वाला हरिश्चंद्र व्हायची हौस!" नूपुर करवादली. "तिच्या बुकातपण तुझीच सही आहे की. मी उत्तर टाइप करून आणलंय. आठ आठवडे पूर्ण केले, बस्स. तू फक्त सही कर. या सहीची सवय आहे तुला."

शेवटचं वाक्य ती हसत बोलली. नलू हसली नाही.

दोन हजार आठचं साल तिला स्वच्छ आठवत होतं. त्या वर्षी तापाची साथ इतकी होती की दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर गाद्या टाकल्या होत्या. मुलींना ठाण्याच्या मनोरुग्णालयात पाठवायची वेळ आली तेव्हा मेट्रन म्हणाल्या, "मुली तिकडे गेल्या तर इथे सलाइन कोण लावणार? तू?" मुली राहिल्या. मग परीक्षेच्या आधी बुकं भरायची दुपार आली. दरवर्षीच यायची. मुली जमिनीवर ओळीनं बसायच्या, एकमेकींच्या बुकातून तारखा उतरवायच्या, कॅन्टीनमधून बटाटेवडे यायचे, आणि नलू हिरव्या शाईनं सह्या करत जायची. एरवी एखाददुसरा दिवस मागेपुढे व्हायचा. त्या वर्षी तिनं आख्खे आठ आठवडे लिहून दिले. कुणाला काही वाटलं नाही. तिलाही नाही.

कोण कुठल्या वॉर्डात होती त्या पोस्टिंगचं खरं रजिस्टर मात्र तिनं स्कूल बंद झालं तेव्हा भंगारवाल्याच्या पोत्यातून परत काढून आणलं होतं. ते आता तिच्या खाटेखाली ट्रंकेत होतं.

तिनं चष्मा लावला, पेन उघडलं. भावाची पोर. चार वर्षं जर्मन की इंग्लिश, लंडन की डब्लिन करत झुरत होती.

"तिकडे काम काय गो करायचं?" तिनं सहज विचारलं.

"म्हाताऱ्यांचं नर्सिंग होम. उदास, विसराळू माणसं. मला जमतात ती. आमच्या कमळाबाईच बघ ना. नवरा गेल्यापासून तोंड उघडत नव्हत्या. साखर वाढली म्हणून दाखल केलंय, पंधरा दिवस नुसत्या भिंतीकडे तोंड. आणि कालपासून काय सांगू! हसतायत, बोलतायत. तेलाची बाटली शेजारच्या खाटेला देऊन टाकली, शाल आमच्या आयाबाई मनूमावशीला. मला म्हणाल्या, कपाटाची किल्ली डब्यात आहे, सुनेला सांग. मी चार्टवर लिहून आले, सुधारणा आहे."

नलूचं पेन कागदावर टेकलं होतं, ते तिथेच राहिलं. शाईचा हिरवा ठिपका पसरत गेला.

सत्तर साली, ती स्वतः विद्यार्थिनी असताना, ठाण्याच्या त्या लांबलचक वॉर्डात तिथली सिस्टर पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, "रडणारीला मी सांभाळीन. एकदम शांत होऊन वस्तू वाटणारीवरून तुम्ही नजर हलवायची नाही." पुस्तकात ते एका ओळीत होतं. वॉर्डात ते डोळ्यांनी बघितलं होतं.

"तू कधी निघालीस तिथून?"

"दोनला. का?"

"फोन लाव."

"अगं, माझी ड्यूटी संपली..."

"लाव म्हणते ना, नूपुर!"

बराच वेळ फोन वाजत राहिला. मग वॉर्डातल्या मनूमावशीनं उचलला. नूपुरनं कमळाबाईंचं विचारलं. "कोपऱ्यातली? संडासला गेली असेल. मघाशीच उठली."

नलूनं फोन हिसकावला. "मघाशी म्हणजे कधी? संडास बघ. नसेल तर गच्चीचा जिना. धाव, फोन ठेवू नकोस."

चपलांचा आवाज लांब गेला. कुणाची तरी हाक, दार आपटल्याचा आवाज, मग काहीच नाही. स्टोव्हवरचा चहा उतू गेला, दोघींपैकी कुणी उठलं नाही.

"सापडली," मनूमावशी धापा टाकत होती. "गच्चीच्या दाराशी. दाराला कुलूप होतं. चपला बाजूला नीट काढून ठेवल्यात बघा. मला विचारते, कुलूप कुणी घातलं?"

नूपुर भिंतीला टेकून खाली बसली. "मला कुणी शिकवलंच नाही गो हे."

"माहीत आहे," नलू म्हणाली. "शिकवलं असं लिहून देणारी मीच."

तिनं टाइप केलेला कागद फाडला आणि खाटेखालची ट्रंक ओढली.

आयर्लंडला गेलेल्या पत्रात तिनं रजिस्टरमध्ये होतं तेच लिहिलं. अपूर्वाला राहिलेले तास पुरे करायला सांगण्यात आलं; तिनं ते पुरे केले आणि २०२२ साली ती तिकडच्या कॉर्क शहरात गेली. नूपुरचा अर्ज खोटी माहिती दिली म्हणून नामंजूर झाला. वर्षभर ती आत्याची पायरी चढली नाही. पुन्हा अर्ज तिनं केलाच नाही. आजही दादरलाच आहे, आणि ड्यूटी घेतली की आधी गच्चीचं कुलूप ओढून बघते, मग चार्ट. मनूमावशी निवृत्त होऊन कणकवलीला गेली, जाताना ती शाल वॉर्डातच ठेवून. कमळाबाई चार दिवसांनी गिरगावातल्या घरी गेल्या. सुनेला सगळं समजावून सांगितलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात त्या वारल्या, हे नूपुर पुन्हा यायला लागल्यावर कळलं. कशानं, ते नूपुरनं सांगितलं नाही आणि नलूनं विचारलं नाही.

नलू अजून तिथेच, तिसऱ्या मजल्यावर. त्या बॅचमध्ये बावीस मुली होत्या. राहिलेल्या वीस मस्कतला, मँचेस्टरला, पर्थला, कुठे कुठे आहेत. त्यांचे कागद कधीचेच पास झाले, कुणी काही विचारलं नाही. दुपारी रजिस्टर मांडीवर घेऊन ती त्यांची नावं वाचते. कुठल्या तरी वॉर्डात, कुठल्या तरी कोपऱ्यातल्या खाटेवर, आज कुणी एकाएकी हसायला लागलं असेल, आणि तिची एखादी पोर चार्टवर लिहीत असेल, सुधारणा आहे.